स्तुति आणि कबुली

ख्रिस्ती नव्या करारांत ‘एक्सोमोलोगेओ’ हें ग्रीक क्रियापद आढळतें. मार्काच्या पहिल्या अध्यायांत यार्देन नदीवर जमलेले लोक पापें कबूल करतात, तेथें हाच शब्द आहे. मत्तयाच्या अकराव्या अध्यायांत येशू पित्याचें स्तवन करतो, तेथेंहि हाच. कबुली आणि स्तुति यांचा मेळ कसा बसतो, असा प्रश्न कोणाहि श्रोत्यास पडेल.

या शब्दाच्या पोटांत ‘होमोस’ आहे. तो संस्कृत ‘सम’ शब्दाचा सगोत्र. व्यवहारांतील ग्रीक भाषेंत या क्रियापदाचा अर्थ उघडपणें मान्य करणें असा होता. इ. स. पूर्व ३ ऱ्या शतकापासून यहुदी शास्त्राचें ग्रीक भाषांतर होऊं लागलें. हिब्रू ‘यादा’ धातूंत कबुली व स्तवन हे दोन्ही अर्थ होते. त्याच्या जागीं भाषांतरकारांनीं हें क्रियापद योजलें आणि त्यास स्तुतीचाहि अर्थ आला.

पाप कबूल करतांना मनुष्य स्वतःविषयींचें सत्य मान्य करतो, स्तवन करतांना देवाविषयींचें. इ. स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीननें लिहिलेल्या लॅटिन ‘कन्फेशन्स’ ग्रंथांतहि हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. अशा स्तुतींत खुशामतीस जागा नाहीं. मनास जें पटलेलें नाहीं, तें या शब्दानें बोलतांच येत नाहीं.