पाच दिवसांच्या आसऱ्याने भागत नाही

सुरतजवळच्या हजीऱ्याच्या या मराठी मेळाव्यात अध्यक्षाने भाषेवर आणि सणवारांवर बोलावे, अशी प्रथा आहे. ती मी आज बाजूला ठेवते. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या मुलींना आणि बायकांना काही वर्षे निर्धास्त राहता येईल असे घर या भागात आपल्या पुढाकाराने उभे राहिले पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. 2021 च्या दिवाळीत पांडेसरा भागात एका चिमुकलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. सुरतच्या न्यायालयाने पाच आठवड्यांच्या आत आरोपीला फाशी सुनावली. मनात आणले तर यंत्रणा घाई करू शकते, हे तेव्हा दिसले. पण ती मुलगी जगली असती तर कुठे राहिली असती? मेलेल्या मुलीसाठी धावणारी व्यवस्था जगलेल्या मुलीला त्याच गल्लीत परत सोडते, ही माझी तक्रार आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी तेच सांगतात: बलात्काराच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, घरमालक, ठेकेदार. मोऱ्यापासून उधना-लिंबायतपर्यंत आपली माणसे एकेका खोलीत, भिंतीला भिंत लावून राहतात. आई-बाप दोघेही शिफ्टला गेलेले, आणि आरोपी जामिनावर सुटून त्याच जिन्यावर उभा. अशा मुलीला सरकार काय देते? सखी केंद्रात साधारण पाच दिवसांचा मुक्काम. अल्पवयीन असेल तर बालगृह, पण अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतच. पुढची देखभाल सर्वसाधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत, तीही मिळाली तर. पोक्सो कायदा म्हणतो की खटला शक्यतो वर्षभरात संपावा. प्रत्यक्षात तो किती रेंगाळतो, हे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना विचारा. पाच दिवसांत अंगावरचे वळही जात नाहीत.

आपल्यातले बहुतेक खानदेशातले. 1994 मध्ये तिथल्याच जळगावात मुलींच्या लैंगिक शोषणाचे प्रकरण उघडकीला आले, तेव्हा तक्रार द्यायला फार थोड्या मुली पुढे आल्या आणि पुढे अनेक आरोपी सुटले. मुली बोलल्या नाहीत, असे आजही सहज म्हटले जाते. साक्ष देऊन त्याच आळीत झोपायला जायचे असेल, तर कोण बोलेल? सुरक्षित घर ही दया नव्हे. खटला टिकण्याची ती पहिली अट आहे.

काहीजण म्हणतील, मुलीची जागा आईजवळ. जिथे आईजवळ ती सुरक्षित आहे, तिथे ती तिथेच राहो. पण अत्याचार करणारा त्याच घरातला असेल, तर हा युक्तिवाद मुलीला त्याच्या हवाली करणारा आहे. दुसरा आक्षेप गंभीर आहे: आश्रमांचेच तुरुंग होतात. 2018 मध्ये मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातले अत्याचार टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पाहणीतून बाहेर आले. म्हणून मला शंभर खाटांची कुलूपबंद इमारत नको आहे. दहा-बारा जणींची लहान घरे हवीत, जिथून मुलगी शाळेत जाईल, बाई कामाला जाईल, आणि बाहेरचे तपासनीस न कळवता येऊन मुलींशी एकांतात बोलतील. वाईट आश्रम होते म्हणून आश्रयच नको, हे मला मान्य नाही.

'यात आपल्या समाजाची बदनामी होते,' ही कुजबुज मात्र मला सर्वांत जास्त चीड आणते. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते बदनामीला भिऊन नव्हे. पंढरपूरचे बालकाश्रम 1875 मध्ये उभे करण्यात लालशंकर उमियाशंकर हे गुजराती न्यायाधीश पुढे होते. एका गुजराती माणसाने आपल्या विठोबाच्या गावात टाकलेली पोरे सांभाळली. आपण त्यांच्या गुजरातेत राहून काय उभे केले? आणि धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये आश्रम काढला तो विधवांना चार रात्री ठेवून घेण्यासाठी नव्हता. शिकून स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत बाई तिथे राहत असे. मी वर्षांचा हिशेब करते, तो यासाठी.

पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांनी या सभागृहाबाहेर नजर टाकावी. पोलाद, खत, वायू, बंदर, सारे इथेच आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक नफ्याच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले आहे, आणि त्याच्या सातव्या अनुसूचीत स्त्रियांसाठी घरे व वसतिगृहे बांधणे स्पष्ट लिहिले आहे. स्थानिक भागाला प्राधान्य द्या, असेही तोच कायदा म्हणतो. ज्या कामगारांच्या घामावर हे कारखाने चालतात, त्यांच्या लेकींसाठी हा खर्च मागणे ही भीक नाही. जागा, चालवणारी विश्वासू माणसे आणि देखरेख मात्र आपण द्यायची आहे. पहिल्या घरासाठी हा मेळावा भरवणाऱ्या आपल्या मंडळाने समिती नेमावी, तिच्यात निम्म्याहून अधिक बायका असाव्यात, आणि पुढच्या मेळाव्याआधी तिने कंपन्यांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी प्रस्ताव द्यावा, असा ठराव मी मांडते. ज्यांचा विरोध असेल, त्यांनी आत्ताच उभे राहून कारण सांगावे.