किण्वपेशीतील रायबोसोमची घडण



हैदराबादेत जिला सेंधी म्हणतात, ती शिंदी झाडावरून उतरविताना गोड असते आणि उन्हे चढतील तशी आंबत जाते. ही किमया करणाऱ्या सूक्ष्म जीवांत किण्व, म्हणजे रूढ भाषेत यीस्ट, प्रमुख होय. प्रयोगशाळेत अन्न मुबलक मिळाले की ही एकपेशीय बुरशी सुमारे दीड तासात दुप्पट होते. त्यासाठी प्रथिने हवीत आणि प्रथिने घडविणारा कारखाना म्हणजे रायबोसोम. भरभराटीच्या काळात एकेका पेशीत असे सुमारे २ लाख कारखाने असतात. दर मिनिटाला सुमारे २,००० नवे उभे राहतात!

त्यांची घडण पुस्तकाच्या बांधणीसारखी आहे. पेशीच्या केंद्रकातील केंद्रिकेत प्रथम आर.एन.ए.चा एक लांबलचक धागा तयार होतो. बांधणीवाल्याने कडा कापाव्यात, तसे त्यातील अनावश्यक भाग कापून तीन तुकडे मिळविले जातात. चौथा निराळा येतो. त्यांवर ७९ प्रथिने बसतात. याकामी दोनशेहून अधिक साहाय्यक प्रथिने राबतात आणि काम होताच बाजूला होतात. अंतिम रचनेत त्यांचा मागमूसही नसतो. मराठी कोशवाङ्मयातील अनाम मदतनिसांची येथे कोणास आठवण झाल्यास नवल नाही. मोठा व लहान असे दोन भाग वेगवेगळे केंद्रकाबाहेर पडून पक्व होतात. लहान भागाची तर परीक्षाच होते. खरे काम मिळण्यापूर्वी तो मोठ्या भागाशी जोडून पाहिला जातो आणि सदोष ठरल्यास मोडीत निघतो.

हा सारा खटाटोप अतिशय खर्चिक. उपासमारीत तो चालू ठेवणे म्हणजे पेशीचे दिवाळेच. मग घरात शिधा किती, हे केंद्रिकेला कळते कसे? या प्रश्नाच्या एका अंगावर याच नगरीतील डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्रात डॉ. रश्ना भांडारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. इनॉसिटॉल पायरोफॉस्फेट हे ऊर्जासंपन्न रेणू चयापचयाची वार्ता पोहोचवितात. ते बनविणारे केसीएस-१ हे विकर ज्या किण्वात नव्हते, त्यात रायबोसोमचे भाग कमी आढळले. धागा विणणारे यंत्र जागेवर हजर होते. गती मात्र मंदावली होती. हजेरी आणि काम यांतील हा भेद मोठा मार्मिक आहे.

मानवी पेशीतही ही घडण पुष्कळशी अशीच चालते. डायमंड-ब्लॅकफॅन या बालवयातील रक्तक्षयात अस्थिमज्जेत तांबड्या पेशी पुरेशा बनत नाहीत. काही मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. रायबोसोमच्या एका प्रथिनाच्या जनुकातील बिघाडाशी त्याचा संबंध १९९९ मध्ये उघड झाला. त्या प्रथिनावाचून लहान भाग पक्व होत नाही, हे २००५ साली किण्वाच्याच अभ्यासातून दिसून आले.