आधी ऐका, मग बोला
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावले आहे, ‘कामाविषयी बोल, पण समीकरणे नकोत.’ म्हणून आज फक्त गुणाकार-भागाकार घेऊन आलो आहे.

माझे काम गाड्यांच्या आपसातल्या बिनतारी संवादाचे. कल्पना साधी आहे. प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळा आपले ठिकाण, वेग, दिशा आणि ब्रेक दाबला आहे की नाही, हे रेडिओवरून भोवतालच्या गाड्यांना कळवते. मोकळ्या रस्त्यावर हा संदेश सुमारे ३०० मीटर पोचतो. बोरघाटात धुके असेल किंवा पुढे मोठा ट्रक असेल, तर चालकाला जे दिसत नाही ते गाडीला कळू शकते. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर कापते. त्यामुळे दोन सेकंद आधी मिळालेली सूचनाही जीव वाचवू शकते.

मग अडते कुठे? गर्दीत. एक संदेश पाठवायला साधारण अर्धी मिलीसेकंद लागते. एकमेकींच्या टप्प्यात २०० गाड्या असल्या तर सेकंदाला २,००० संदेश होतात. म्हणजे सबंध सेकंद भरून गेला! संदेश एकमेकांवर आदळतात आणि हरवतात.

यावरचा पहिला नियम आपल्याला बाईंनी पहिलीतच शिकवला होता: आधी ऐका, मग बोला. गाडीतला रेडिओही वाहिनी मोकळी आहे का हे आधी ऐकतो. पण चौकात हा नियम तोकडा पडतो. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या दोन बाजूंनी येणाऱ्या गाड्यांना एकमेकींचे ऐकू येत नाही. दोघी एकदम बोलतात आणि चौकात उभ्या असलेल्या तिसरीला कोणाचेच धड कळत नाही. सूचनेची गरज सर्वांत जास्त जिथे, तिथेच ही अडचण.

दुसरा नियम: गर्दीत कमी बोला आणि हळू बोला. रेडिओची ताकद वाढवली तर आवाज दूरवर जातो आणि गोंगाटच वाढतो. एकाच वेगाने सरळ चाललेल्या गाडीची जागा इतरांना अंदाजाने काढता येते, तेव्हा तिने थोडे कमी वेळा बोलले तरी चालते. जी अचानक ब्रेक लावते, तिला मात्र ताबडतोब बोलू द्यायचे. आमची बरीचशी मेहनत या शिस्तीवरच चालते.

पण नुसत्या तंत्राने काम भागत नाही. अमेरिकेने १९९९ साली ५.९ गिगाहर्ट्‌झजवळचा ७५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा यासाठी राखून ठेवला. वीस वर्षांत फारच थोड्या गाड्यांत ही यंत्रे बसली. अखेर २०२० साली त्यातले ४५ मेगाहर्ट्‌झ वाय-फायसारख्या वापराला देण्याचा निर्णय झाला. यामागचे एक गणित सोपे आहे. दहातल्या एका गाडीत यंत्र असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता शंभरात एक. सुरुवातीला विकत घेणाऱ्याला फायदा दिसत नाही, म्हणून जो तो दुसऱ्याची वाट पाहतो.

आपल्याकडे २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हे यंत्र महागड्या मोटारींपुरते राहिले, तर ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, तो दुचाकीस्वार या संभाषणात मुकाच राहील. त्याच्यासाठी स्वस्त, छोटे, पावसाला टिकणारे यंत्र हवे आणि गर्दीचे नियम ठरवताना त्याची गाडीही मोजायला हवी.

इथे कोणी वाहन उद्योगात आहे, कोणी सरकारी सेवेत, कोणी विमा क्षेत्रात. नियम ठरवणाऱ्यांच्या बैठकीत तुम्हाला जागा मिळाली, तर एवढाच प्रश्न विचारा: ‘यात दुचाकी कुठे आहे?’ उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.