कुलूप लावलेली चिप

आमचा बचत गट तुम्हाला कांदा-लसूण मसाल्यामुळे माहीत आहे. पण सौर दिव्यांच्या जोडणीचं काम घेतल्यापासून आमच्यातल्या चौघींना सोल्डरिंग चांगलं जमतं. मसाल्याचा हंगाम संपला की आम्ही दिवे, इस्त्र्या, पंख्याचे रेग्युलेटर दुरुस्त करून देतो. गेल्या पावसाळ्यात त्याच टेबलावर एक वेगळीच वस्तू आली.

गावातले एक आजोबा नोकरीची वर्षं जर्मनीत काढून परत आलेत. येताना त्यांनी आपला जुना कॉम्प्युटर आणला, कमोडोर कंपनीचा अमिगा 2000. हे मॉडेल 1987 सालचं. व्हिडिओवर अक्षरं उमटवायला त्या काळी अमिगा बराच वापरत. आजोबा आणि आजी तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या कॅसेटला शीर्षकं द्यायचे. मराठी टाइप नव्हता, म्हणून आजी माऊसने एकेक अक्षर चित्रासारखं काढायच्या. आजी आता नाहीत. ती चित्रं डिस्कवर आहेत, आणि डिस्क ज्या कार्डाला जोडलेली ते कार्डच बंद पडलं होतं. डिस्क दुसरीकडे लावून चित्रं काढता आली असती, पण आजोबांना ती त्याच पडद्यावर बघायची होती. आम्ही वाद घातला नाही.

या कार्डाला अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात, म्हणजे वेग वाढवणारं. अमिगाचा मूळ प्रोसेसर मोटोरोलाचा 68000. तो सेकंदाला साधारण 70 लाख ठोक्यांनी चालतो. कार्डावर त्याच घराण्यातला 68030 होता, अडीच कोटी ठोक्यांचा. दोघांची चाल वेगळी, त्यामुळे मध्ये कुणीतरी "तू थांब, आता तू बोल" असं सांगणारं लागतं. ते काम कार्डावरच्या पाच छोट्या चिप करतात.

आधी सोपं काम उरकलं. कार्डावरचे जुने कपॅसिटर पाझरले होते. सोल्डरिंग आयर्न टेकवताच सुकट भाजल्यासारखा वास सुटला आणि सगळ्या जणी नाक धरून हसायला लागल्या. नंतर कळलं, पाझरलेल्या कपॅसिटरचा असाच वास येतो. आम्ही ते काढले, जागा अल्कोहोलने पुसली, खाल्लेल्या दोन रेषांवर बारीक तार जोडली आणि नवे कपॅसिटर बसवले. कार्ड तरीही ढिम्म.

आमच्या एका सदस्येची मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिने ऑसिलोस्कोप लावून बघितलं, तर पाचांपैकी एक चिप उत्तरच देत नव्हती. नवी बसवू म्हटलं तर ती म्हणाली, कोरी चिप मिळेल, पण तिच्यात लिहायचं काय?

ही चिप पॅल जातीची. 1978 च्या सुमारास मोनोलिथिक मेमरीज कंपनीने ती बाजारात आणली. आत बारीक फ्यूजची जाळी असते. कार्ड बनवणारा त्यातले हवे ते फ्यूज जाळतो, की चिपला तिचं काम कळतं. शेवटी तो आणखी एक फ्यूज जाळतो, सुरक्षेचा. त्यानंतर चिप काम करते, पण आतला नमुना वाचू देत नाही. मसाला विकायचा पण प्रमाण सांगायचं नाही, तसंच. यात आम्हाला गैर काही वाटलं नाही. आमचं तरी प्रमाण कुठे पाकिटावर लिहिलेलं आहे?

पण कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद झाली. कमोडोरचंही 1994 मध्ये दिवाळं निघालं. प्रमाण विचारायचं कुणाला?

आजोबांच्या जर्मनीतल्या एका मित्राकडे तेच कार्ड चालू स्थितीत होतं, आणि चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या, म्हणजे अलगद निघणाऱ्या. नमुना वाचता येत नसला तरी चिपला प्रश्न विचारता येतात. आत जाणाऱ्या तारांवर हो-नाहीची एक जुळणी द्यायची आणि बाहेर काय येतं ते टिपायचं. तारा जास्तीत जास्त 16, म्हणजे जुळण्या 65,536. सेकंदाला एक धरली तरी हाताने 18 तास लागतील. यंत्र ते चुटकीसरशी करतं. मित्राने तो तक्ता बनवून पाठवला. त्यावरून आमच्या मुलीने नियम मांडले आणि गॅल नावाच्या चिपमध्ये लिहिले. गॅल ही लॅटिस कंपनीची, 1985 मधली, पुसून पुन्हा लिहिता येणारी.

यावर गटाच्या बैठकीत चांगलंच वाजलं. एक ताई म्हणाली, "उद्या आपला मसाला चाखून कुणी प्रमाण काढलं तर चालेल का?" आमचं म्हणणं असं की आपण मसाला विकतोय, दुकान उघडं आहे. यांचं दुकान बंद, मालक गेला, आणि आपण नवी कार्डं बनवून विकत नाही, एक दुरुस्त करतोय. दोघींना हे अजून पटलेलं नाही. त्यांनी त्या कामाला हात लावला नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही.

चिप बसवली. पहिल्यांदा उलटी बसली, लाज वाटते सांगायला; वीज देण्याआधी मुलीच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. दुसऱ्यांदा डिस्क गुरगुरली आणि पडद्यावर "गणपती बाप्पा मोरया" उमटलं, "मोरया"ची रेघ जराशी वाकडी. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग त्यांना हुरूप आला, वेग वाढवा म्हणाले. अडीच कोटीचा ऑसिलेटर काढून 3.3 कोटीचा लावून बघितला. अर्ध्या तासात यंत्र गोठलं. कारण साधं आहे. आधी दोन ठोक्यांमध्ये 40 नॅनोसेकंद मिळायचे, आता 30. मेमरी आणि बाकीच्या जुन्या चिप तेवढ्यात आटोपत नाहीत. शिवाय प्रोसेसर अडीच कोटीचाच, तो तापायला लागला. आम्ही जुना ऑसिलेटर परत लावला. आजोबा थोडे नाराज झाले, पण चहा प्यायले.

आता उरलेल्या चारांचं. दोघींचे तक्ते मित्राने पाठवलेत, ते आम्ही कागदावर उतरवून ठेवले. राहिलेल्या दोन अवघड. त्या मागचं लक्षात ठेवतात, त्यामुळे एकाच प्रश्नाला आधी काय घडलं त्यावरून वेगळं उत्तर देतात. साधा तक्ता तिथे पुरत नाही. त्यातून त्या गॅल आहेत. गॅलच्या माहितीपत्रकात आतलं लिखाण 20 वर्षं टिकेल असं म्हटलेलं असतं, आणि ही कार्डं तिशी ओलांडलेली. कुलूप काढायला जावं तर तिची रचना अशी की कुलपाबरोबर आतलंही पुसलं जातं.

मुलगी परीक्षा संपल्यावर त्या दोघींच्या मागे लागणार आहे. तोवर आजोबांना आम्ही सांगितलंय, आजींची सगळी चित्रं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यांनी अर्धी उतरवलीत.