बाटलीतले मीठपाणी



चालकांनी मला बोलावले तेव्हा मी म्हटले, "अहो, माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिकणे फडात आणि संघटनेच्या कामात झाले. मी काय व्याख्यान देणार?" ते म्हणाले, "कामगारांपुढे बोलता तेच इथे बोला." तेव्हा आज मजुरीच्या दराविषयी नव्हे, तर मिळालेली मजुरी कुठे जाते ह्याविषयी बोलतो. माझा विषय आहे सलाईन.

आपल्या जिल्ह्यातून दर हंगामात लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक कोयता, आणि डोक्यावर उचल. काही वर्षांपूर्वी एका टोळीच्या कोप्यांवर गेलो, तो एक बाई पडून होती. मेढीला बाटली टांगलेली, हातात सुई. मी विचारले, "ताप आहे का? जुलाब?" ती म्हणाली, "काही नाही दादा. अशक्तपणा आलाय. दोन बाटल्या लावल्या की ताकद येते." बाटल्यांचे पैसे मुकादमाने उचलीत मांडले होते. म्हणजे ती बरी होण्यासाठी पडली होती, आणि पडल्यापडल्या कर्ज वाढत होते.

त्या दिवशी मी ठरवले, ह्या बाटलीत काय आहे ते समजून घ्यायचे. एका सरकारी डॉक्टरांपुढे रिकामी बाटली ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचून दाखवली: ०.९ टक्के मीठ. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. बाकी सारे पाणी. ताकदीचा त्यात कणही नाही. ग्लुकोजची बाटली म्हणाल, तर ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर. एका भाकरीने त्याहून अधिक बळ येते.

मग सलाईन निरुपयोगी का? मुळीच नाही. मिठाचे हे प्रमाण आपल्या रक्ताशी जुळते. नुसते पाणी शिरेत सोडले तर रक्तातल्या तांबड्या पेशी पाणी पिऊन फुटतात. ह्या प्रमाणाच्या मीठपाण्यात त्या शाबूत राहतात. म्हणून कितीतरी औषधे ह्यातच मिसळून शिरेत देतात, सुईची नळी ह्यानेच धुतात, रक्त चढवतानाही हेच वापरतात. जखम धुवायला, डोळ्यात काही उडाले तर डोळा धुवायला, बाळाचे चोंदलेले नाक मोकळे करायला, वाफाऱ्याचे औषध पातळ करायला हेच पाणी. मात्र ते निर्जंतुक हवे. पोटात गेलेल्या जंतूंशी पोट झगडते. शिरेत गेलेला जंतू थेट रक्तात जातो. म्हणून घरचे मीठपाणी शिरेत किंवा डोळ्यात कधी घालू नये, आणि फोडलेली बाटली उद्यासाठी ठेवू नये.

सलाईनचा जन्मच मुळी पटकीच्या साथीत झाला. ह्या गडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो. वारीत पटकी शिरली की काय होई आणि मरीआईचा गाडा गावाबाहेर कसा ओढत नेत, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. १८३२ साली स्कॉटलंडमधल्या टॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने मरणाला टेकलेल्या पटकीच्या रोग्यांच्या शिरेत मीठपाणी सोडले, आणि त्यांतले काही उठून बसले. जुलाबांनी माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, हे त्यामागचे मर्म.

पुढची गोष्ट आपल्या देशातली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगाव येथे, पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर आणि सोड्याचे पाणी पिंपात कालवून रोग्यांना प्यायला दिले. पाजत होते ते रोग्यांचे नातेवाईकच. शेकडा तीसच्या आसपास असलेले मरण चारच्याही खाली आले. साखर सोबत असली की आतडे मीठ आणि पाणी ओढून घेते, हे त्याचे कारण. इकडे शेजारच्या जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी खेड्यातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. ज्ञान अंगठेबहाद्दराच्या हातीही टिकते, हे त्या बायकांनी दाखवले.

तेव्हा भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. जुलाब लागताच उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजत राहा. आशाताईंकडची ओआरएसची पुडी मिळाली तर अधिक चांगले. बाळाचे अंगावरचे दूध तोडू नका. मूल मलूल पडले, पिऊ शकत नाही, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठा. तिथे सलाईन म्हणजे प्राण आहे. तसेच मोठा रक्तस्राव, भाजणे, उष्माघात, ह्यांतही. पण नुसत्या अशक्तपणाला बाटली मागू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याला नको तेवढे पाणी चढवले तर जिवावर बेतते.

आता माझ्या कामाचे बोलतो. त्या बाईला अशक्तपणा का आला होता? ती पहाटे अंधारात उठत होती, मोळ्या वाहत होती, पोटभर जेवत नव्हती, अंगात रक्त कमी होते. ह्यावर बाटली हा उपाय नव्हे. फडात पिण्याचे स्वच्छ पाणी, दुपारची सावली, वेळेवर तपासणी आणि पोटभर भाकरीएवढा दर, हा उपाय आहे. तो मागताना मला लाज वाटत नाही, आणि आपणही आमच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच विनंती आहे.

येत्या हंगामात प्रत्येक टोळीसोबत ओआरएसच्या पुड्या आणि त्या वापरायला शिकलेली एक बाई जावी, असा आमचा प्रयत्न आहे. ज्या भगिनींना शिकायचे असेल त्यांनी सभेनंतर इथेच थांबावे. चमचा, मीठ आणि साखर मी सोबत आणली आहे.