रूलबुक किती रुपयांचं?

मी बोलतोय अकोल्याहून. विदर्भातलं अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं अकोले. हे दरवेळी सांगावं लागतं, कारण प्रत्यय लागला की दोन्ही गावं एकसारखीच ऐकू येतात. माझं पहिलं परदेशी रूलबुक ह्याच घोटाळ्यात आधी विदर्भ फिरून आलं होतं. पिनकोड बरोबर असूनसुद्धा. असो.

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी विचारलेला: मिनिएचर युद्धखेळ सुरू करायचाय, तर रूलबुक कुठलं घ्यावं आणि त्यावर किती पैसे घालावेत? नवीन श्रोत्यांसाठी एका दमात सांगतो. टेबलावर डोंगर, नदी, घरं मांडायची, छोटे सैनिक उभे करायचे, टेपने अंतर मोजून ते हलवायचे आणि मारामारीचा निकाल फाशांनी लावायचा. आपल्याकडे ह्यातला अर्धा खेळ आधीपासून आहेच की. दिवाळीचा किल्ला! बुरूज आहे, तोफ आहे, मावळे आहेत. नियम तेवढे नाहीत, म्हणून चार दिवसांनी मावळे परत खोक्यात जातात.

माझ्याकडे रविवारी पाच-सहा मुलं येतात, सातवी ते दहावीची. आमची फौज म्हणजे तेच बाजारातले मातीचे मावळे. कुणाची मान जरा वाकडी, घोडा कधी माणसापेक्षा लहान. म्हणजे सैनिकांवर आमचा खर्च जवळजवळ शून्य. जो काही खर्च, तो पुस्तकाचा. म्हणून हा प्रश्न मला जरा जास्तच टोचतो.

आता झालेली फजिती सांगतो. सुरुवातीला मी एक जाडजूड, पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक मागवलं. टपालखर्च धरून साडेचार हजार. नाव घेत नाही (ते वॉरहॅमर नव्हतं, एवढं सांगतो). चित्रं अशी की नुसती बघत बसावीत. तिसऱ्याच डावाला प्रश्न आला, दगडाआड उभा असलेला मावळा पलीकडच्या बंदूकवाल्याला दिसतो की नाही? नियम एका पानावर, अपवाद चाळीस पानं पुढे, आणि मागे सूचीच नाही. मी पंधरा मिनिटं पानं उलटत होतो. मुलं आधी गप्प होती, मग कंटाळली. शेवटी मी ठोकून दिलं, "दिसतो." मावळा मेला, डाव फिरला. जिंकला कोण, तर माझा पुतण्या. हरलेला मुलगा राजूर रस्त्याकडून सायकलवर यायचा. त्याने मावळे पिशवीत भरले आणि जाता जाता म्हणाला, "काका, तुम्ही त्याला मुद्दाम जिंकवलंत."

रात्री मला तो अपवाद सापडला. मुलाचंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो "बरं" म्हणाला, पण दोन महिने आला नाही. तेव्हापासून मी पुस्तकाची किंमत वेगळी मोजतो. साडेचार हजार भागिले तीन डाव, म्हणजे डावाला दीड हजार. वर एक मुलगा गेला तो वेगळाच.

ह्यातून माझी एक परीक्षा तयार झाली. पुस्तकातले नियम मला दहा मिनिटांत मराठीत सांगता आले पाहिजेत, आणि मग मी खोलीबाहेर गेलो तरी खेळ चालू राहिला पाहिजे. पंच लागला की पुस्तक नापास. गंमत म्हणजे ही कटकट फार जुनी आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झने 'क्रीगस्पील' आणला, त्यात पंच हवाच. तक्ते इतके होते की १८७६ मध्ये व्हर्डी द्यू व्हर्नुआ नावाच्या अधिकाऱ्याने बरेचसे बाजूला ठेवले आणि निकाल पंचाच्या अनुभवावर सोडला. सैन्यात ते चालतं. पंच जर एका खेळाडूचा काका असेल, तर नाही चालत.

परीक्षेचा पेपर मात्र आमच्या भागातला. १६७९ चा नोव्हेंबर. महाराज जालन्याची लूट घेऊन परत येत होते, संगमनेरजवळ मोगलांनी गाठलं. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना पट्टागडावर आणलं. तिथे विसावा घेतला म्हणून तो विश्रामगड. पट्टा आमच्याच तालुक्यात, पोरांचा पायाखालचा. तर ही लढाई, म्हणजे लुटीचा काफिला, पाठलाग आणि गडाची वाट, कुठल्या पुस्तकात बसते?

वॉरहॅमर ४०,००० आधी बाजूला काढतो, कारण सगळ्यांना तेच नाव माहीत असतं. १९८७ चा खेळ, दूरच्या भविष्यातला. अलीकडे २०१७, २०२० आणि २०२३ अशा आवृत्त्या आल्या, म्हणजे दर तीन वर्षांनी. कागद, छपाई, चित्रं यांत त्याला तोड नाही. २०२३ च्या आवृत्तीचे मूळ नियम तर फुकट पीडीएफमध्ये दिले. पण खेळ त्यांच्याच सैनिकांभोवती बांधलेला आहे. पुण्या-मुंबईत कुणाकडे रंगवलेली फौज असेल तर जरूर खेळा. मातीच्या मावळ्यांचं तिथे काम नाही.

एच. जी. वेल्सचं 'लिटल वॉर्स', १९१३ चं, फुकट वाचायला मिळतं. पायदळ एक फूट, घोडदळ दोन फूट, आणि तोफेजवळ सहा इंचांत आपली चार माणसं असतील तरच ती डागायची. मराठीत सांगायला पाच मिनिटं लागली, वाद शून्य. पण त्यात फासे नाहीत, खेळण्यातली तोफ खरोखर उडवायची! वेल्सचे सैनिक शिशाचे होते. आमचे पहिल्याच रविवारी सात फुटले. पोरांना हाच डाव सगळ्यांत आवडला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

'डी बेलिस अँटिक्विटॅटिस', म्हणजे डीबीए, १९९० चं. प्रत्येक बाजूला बारा तुकड्या, दोन फुटांचं टेबल, तासाभरात निकाल. कल्पना इतकी सुरेख की बुद्धिबळवाल्यांनी बघावी. प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा, जितके पडतील तितक्याच हालचाली. एकदा एक पडला की सेनापतीचे हाल कळतात. पण भाषा! एकेका वाक्यात चार अटी कोंबलेल्या. इंग्रजी मला बऱ्यापैकी येतं, तरी दोन वाक्यांसाठी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. शिवाय ते साधारण इसवी सन १५०० ला थांबतं. आमचा काफिला त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी निघालेला. तरीही, मोठ्यांनी एकदा डीबीए खेळावंच.

'लायन रॅम्पंट' हे ऑस्प्रेचं, डॅनियल मर्सीचं, २०१४ चं. पातळ पुस्तक, चांगली छपाई, सरळ भाषा. तुकडीला हुकूम द्यायचा तर दोन फासे टाकायचे. चुकलं की पाळीच संपली, डाव समोरच्याकडे. काफिल्याच्या लढाईत हे मस्त रंगलं. लूट लादलेली तुकडी हलायलाच तयार नाही आणि मागून मोगल येतायत. मी आत चहा टाकायला गेलो आणि बाहेर खेळ चालू राहिला. पास. तक्रार एकच, नशीब फिरलं तर मुलगा अर्धा तास नुसता बघत बसतो. मध्ययुगातलं असल्यामुळे बंदुका नाहीत, आम्ही धनुष्यांचे आकडे वापरले.

आणि 'साँग ऑफ ब्लेड्स अँड हिरोज', आंद्रेआ स्फिलिगोइचं, २००७ चं. प्रकाशन इटलीतलं, नाव 'गणेशा गेम्स'! पीडीएफ हजाराच्या आत पडली. चित्रं यथातथा, मांडणी साधी, दुकानात बघून कुणी उचलणार नाही. पण दोन्ही बाजूंना पाच ते दहा माणसं पुरतात आणि प्रत्येकाचे मुख्य आकडे दोनच. पाळी आली की एक, दोन की तीन फासे टाकायचे ते आपणच ठरवायचं. जितके यशस्वी तितक्या कृती, पण दोन फसले की पाळी गेली. हाव धरली की बसलीच चपराक. हे मी मराठीत दोन मिनिटांत सांगितलं, सातवीतल्या मुलाने पुढच्याला एका मिनिटात. त्या पुस्तकाचे आमचे वीस-बावीस डाव झाले असतील, म्हणजे डावाला तीस-पस्तीस रुपये पडले.

फुकटच हवं असेल तर 'वन पेज रूल्स' आहे. मूळ नियम थोडक्या पानांत, सैनिक कुठलेही चालतात. चांगलं आहे, पण आम्ही दोनच डाव खेळलोय, त्यामुळे जास्त बोलत नाही.

तो राजूर रस्त्याकडचा मुलगा परत आला, तो असा. पुतण्याने शाळेत त्याला 'साँग ऑफ ब्लेड्स' समजावलं. मी नाही. दोघांनी मिळून दोनशे पानी वहीत नियम मराठीत उतरवलेत. सध्या बारा पानं झालीत. दगडाआडच्या मावळ्याचा नियम पहिल्याच पानावर, लाल शाईत, खाली दोघांच्या सह्या. गेल्या रविवारी मी संगमनेरला गेलो होतो, दुपारी एकच फोन आला. लुटीची पिशवी खाली टाकून पळणाऱ्या मावळ्याला जादा चाल मिळते का? वहीत नव्हतं. म्हटलं, आज फासा टाका आणि मग लिहून ठेवा. काय लिहिलंय ते मी अजून बघितलेलं नाही.

तुमच्याकडे मातीचे मावळे घेऊन कुणी खेळत असेल तर कुठलं पुस्तक वापरता ते कळवा. पुढच्या भागात रंगकाम, म्हणजे पोस्टर कलर मातीवर का टिकत नाही, ते. नमस्कार.