छोट्या लर्चरसाठी नर निवडताना

इंग्लंडच्या उत्तरेस नॉर्थम्बरलंड परगण्यात, जेथे एके काळी कोळशाच्या खाणींतील मजूर सशांच्या शिकारीसाठी कुत्री बाळगीत, तेथील बेडलिंग्टन टेरियरचा नर आणि व्हिपेटची मादी यांच्या संकरातून निपजणारा छोटा लर्चर आजही शिकाऱ्यांत मान राखून आहे. कारण मातेकडून वेग आणि पित्याकडून चिकाटी व काटेरी झुडपांना न जुमानणारी दाट लव, असा दुहेरी वारसा त्याला लाभतो.

नवशिका मनुष्य नर निवडताना प्रदर्शनातील पदकांची फेरिस्त पाहतो, आणि तेथेच फसतो. नर पाहावा तो पहाटे, दहिवराने भिजलेल्या शेतात, सशांना बाहेर हुसकावणारा फेरेट हा पाळीव प्राणी बिळात सोडल्यावर: तो बिळाच्या तोंडाशी निमूट उभा राहतो, की भुंकून सशाला आतच दडवतो, आणि पकडलेला ससा न चिरडता धन्याच्या हाती आणून देतो की नाही.

दुसरी पारख रक्ताची. बेडलिंग्टनच्या कुळात यकृतात तांबे साचण्याचा आनुवंशिक विकार आहे. आईबाप दोघांकडून दोष आला तरच तो प्रकट होत असल्यामुळे व्हिपेटशी झालेल्या पहिल्या संकरात पिल्ले बहुधा निभावतात. परंतु त्याच संकरातील मादीला पुन्हा बेडलिंग्टनचाच नर दाखवला, तर दबलेले दुखणे डोके वर काढू शकते. सबब, मालकाच्या तोंडी हवाल्यावर न विसंबता जनुकीय चाचणीचा लेखी दाखला आधी मागून घ्यावा.